अडवणारी झडप

आमच्या अण्णांच्या मते जगात माणसे दोनच प्रकारची : धीर धरणारी आणि माझ्यासारखी. दूध उतू जायच्या आधीच भांडे उतरवणारा, शाई वाळायच्या आधीच कागद दुमडणारा असा मी. त्यांचा ‘थांब जरा’ हा मंत्र ऐकतच मी मोठा झालो, आणि खरे सांगायचे तर त्या मंत्राला विटलोही होतो.

घरात 1968 सालची फियाट होती. 1983 च्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला मुंबईहून पुण्याला जायचे ठरले. गाडीचा उष्णतेचा काटा जरा वर सरकू लागला होता, म्हणून मी ती गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने इंजिनाच्या माथ्यावरून लिंबाएवढी एक पितळी वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. “हा थर्मोस्टॅट. पाणी अडवतो, साहेब. काढून टाकला की गाडी थंड!” अडवणारी वस्तू काढून टाकायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. अण्णांना काही सांगितले नाही.

खोपोली मागे पडली आणि बोरघाट सुरू झाला. पुढे मालमोटारींची रांग, आमचा दुसरा गिअर, माथ्यावर ऊन. काटा चढत चढत टोकाला टेकला आणि बॉनेटमधून वाफा निघू लागल्या. मी उतरलो, फडके घेतले आणि रेडिएटरच्या टोपणाला हात घातला. “अरे, थांब!” अण्णांनी माझा हात बाजूला ढकलला, पण टोपण फिरले होते. उकळत्या पाण्याचा फवारा उडाला, तो त्यांच्या मनगटावर.

ते ओरडले नाहीत. आईने पाण्याची कळशी त्यांच्या हातावर रिकामी केली. लग्नात ते पट्टी बांधूनच अक्षता टाकत होते.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरकडे गाडी नेली. त्याने विचारले, “तुमच्याकडे बंब आहे ना? मग झाले. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. इंजिन म्हणजे तसेच चार बंब, फक्त इथे पाणी तापवायचे नसून विस्तव आवरायचा.” रेडिएटरच्या तळातून निवलेले पाणी पंप ओढून घेतो. ते सिलिंडरांभोवती फिरते, माथ्याशी चढते, वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते आणि बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते. फोर्डच्या जुन्या मॉडेल टीच्या बहुतेक गाड्यांत तर पंपही नसे. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर जाई, तेवढ्यावर त्या गाड्या चालत.

“मग ही झडप कशाला?” मी विचारले.

“गार इंजिन पेट्रोल जास्त खाते आणि झिजतेही लवकर. म्हणून पाणी साधारण 80 अंशांपर्यंत तापेतो झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. तोवर पाणी या आखूड नळीने परत पंपाकडे जाते. मग झडपेतले मेण वितळते, फुगते आणि वाट उघडते.”

झडप काढल्यावर ती आखूड वाट सताड उघडीच राहिली होती. घाटात पाण्याची खरी गरज रेडिएटरला, तर त्यातले काही पाणी न निवताच इंजिनात परत येत होते. मूळ दुखणे तर वेगळेच निघाले. वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातल्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत बंबात धरतो तसा क्षार धरला होता. आणि टोपणाचे म्हणाल, तर बंद टोपणाखाली दाब असतो, त्यामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण उघडले की दाब जातो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होते. म्हणून इंजिन बंद करून, ते चांगले निवेपर्यंत थांबायचे असते. नुसते थांबायचे!

नळ्या साफ झाल्या, नवी झडप बसली. परतताना तोच घाट, तेच ऊन, पण काटा मधोमध स्थिर. खंडाळ्याला चहा घेताना मी एकदाचे अण्णांना सगळे सांगून टाकले.

ते बशीत चहा ओतत म्हणाले, “ठाऊक आहे. मिस्त्रीचे बिल मीच भरले होते. त्यात लिहिले होते, थर्मोस्टॅट काढला.”

“मग बोलला का नाहीत?”

“ती वस्तू काय करते, ते मलाही ठाऊक नव्हते रे. तू लपवलेस, एवढेच कळले. म्हटले, आयुष्यभर अडवले, एकदा सोडून पाहू.”

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मनगटावरचा तो डाग शेवटपर्यंत होता. परवा माझा नातू गरम गाडीचे बॉनेट उघडायला धावला, आणि माझ्या तोंडून ‘थांब जरा’ असे शब्द निघाले. आवाज मात्र हुबेहूब अण्णांचा होता.