सावित्रीकाठचा मिसळणाचा डबा

माणगाव, लोणेरे मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की सह्याद्री हळूहळू जवळ येऊ लागतो. गांधारपाल्याच्या डोंगरातील बौद्ध लेणी दिसली की महाड आले असे समजावे. गेल्या वैशाखाच्या अखेरीस सौभाग्यवतींसह मी या वाटेने गेलो, तो पर्यटनासाठी नव्हे. खरे सांगायचे तर मी जेवायला शिकण्यासाठी गेलो होतो.

त्यामागची कथा माझ्या मूर्खपणाची आहे. माघ महिन्यात कोणीतरी मोबाईलवर पाठवलेल्या संदेशावर विश्वास ठेवून मी रोज सकाळी दालचिनीचा काढा घेऊ लागलो आणि दोन महिने रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. आयुष्यभर हिशेब तपासले, पण स्वतःच्या शरीराचा ताळेबंद मात्र ऐकीव माहितीवर मांडला! एके दिवशी मंदिराच्या पायऱ्यांवर भोवळ आली. डॉक्टरांनी खरमरीत शब्दांत कानउघाडणी केली. गोळी पुन्हा सुरू झाली आणि मीठ निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचाभर मीठ सुचवते. आमच्या घरी ते किती जास्त होते, हे त्या दिवसांत कळले. आता प्रत्येक घास बेचव लागू लागला. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “महाडच्या बांच्या हातचे जेवण अळणीच असायचे. ते कसे आवडायचे तुम्हाला?”

१९८८ साली माझी बदली महाडच्या शाखेत झाली, तेव्हा एका गुजराती जैन किराणा व्यापाऱ्याच्या माडीवर मी भाड्याने राहत असे. कुटुंब गावी असल्याने जेवण त्यांच्याकडेच होते. घरमालकांच्या मातोश्रींना सारे ‘बा’ म्हणत. सूर्यास्तापूर्वी पान वाढले जाई. बँकेचा हिशेब जुळायला उशीर झाला, तर त्या दिवशी चोविहार आपोआप उपवासात बदले.

महाड हे जुने व्यापारी गाव. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून येथे येते, गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. एकेकाळी या खाडीतून गलबते वर येत. कोकणचे मीठ आणि नारळ घाटावर चढत, घाटावरचे धान्य खाली उतरे. या देवाणघेवाणीचा ठसा बांच्या स्वयंपाकावर उमटलेला होता. हिंग, जिरे, धने गुजरातच्या सवयीचे, तर आमसूल, नारळ आणि तिरफळ कोकणचे. कंदमुळांचा त्याग असल्याने कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे. ओल्या आल्याऐवजी सुंठ, टोमॅटोऐवजी आमसूल, लसणाऐवजी तुपात फुललेला चिमूटभर हिंग, आणि चातुर्मासात कोथिंबिरीऐवजी धन्यांची पूड. या बदलांना त्या ‘पर्याय’ म्हणत नसत. त्यांच्या लेखी तोच खरा स्वयंपाक होता.

बा आता नाहीत. त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या भाभी, सत्तरीच्या आहेत. त्यांनी फडताळातून पितळेचा मिसळणाचा डबा काढून समोर ठेवला. त्याचे झाकण एका बाजूने दबलेले होते.

२२ जुलै २०२१ रोजी महाडला जो पूर आला, त्याची आठवण अजून येथील भिंतींवर आहे. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. त्या तुलनेत आपले काहीच गेले नाही, असे भाभी म्हणाल्या. पण दुकानातील धान्याची पोती, चातुर्मासासाठी वाळवून भरलेली कडधान्ये आणि वर्षाचा मसाला, सारे चिखलात गेले होते. आषाढी चौदस तोंडावर आली होती. माणसे माडीवर होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर चिखलातून हा डबा सापडला. आतले सारे फेकून द्यावे लागले.

मदत घेऊन आलेल्यांनी प्रेमाने अन्नाची पाकिटे दिली. खिचडीत कांदा आणि बटाटा होता. भाभींनी ती पाकिटे शेजारच्या मुलांना दिली. कोणीतरी कोरडे तांदूळ दिले, तेव्हा चूल पेटवून त्यांनी भात शिजवला. “चार दिवस भात, मिरपूड आणि चिमूटभर मीठ,” त्या म्हणाल्या. “आयंबिलाची ओळी किती वर्षे केली! पण मिऱ्याची चव काय असते, ते त्या चार दिवसांत समजले.”

हे ऐकताना मला माझ्या बेचव घासांची लाज वाटली. आयंबिलात तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर वर्ज्य असते आणि मिरी, सुंठ, हिंग एवढ्यावर जेवण होते. आपण ते तप म्हणून वर्षातून दोनदा, चैत्रात आणि आश्विनात नऊ नऊ दिवस करतो. पण जिभेला थोड्यात जागे करण्याची ती एक शाळाच आहे, हे इतकी वर्षे माझ्या ध्यानी आले नव्हते. ऊणोदरी आणि रसपरित्याग ही बाह्य तपे आपण पाठ म्हणतो. ताटात मात्र ती क्वचितच उतरतात.

भाभींच्या डब्यातील सर्व मसाले अख्खे होते. पूड लागेल तशी कुटायची. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची व मसाल्याची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस मानतात. भाभी श्वेतांबर असूनही हाच दंडक पाळतात. हेतू जीवदयेचा, पण त्याचा लाभ आरोग्यालाही होतो. दमट हवेत पुडीला लवकर बुरशी धरते, आणि कुटून ठेवलेल्या मसाल्याचा सुगंध उडून जातो. ताजी पूड अर्धा चमचा पुरते, जुनी दोन चमचे घालूनही पदार्थ मुका राहतो.

त्यांनी आम्हाला मुगाची आमटी करून दाखवली. डाळ शिजल्यावर दोन आमसुले, धने-जिऱ्याची ताजी पूड आणि शेवटी ठेचलेली चार-पाच तिरफळे, त्यांतील काळे बी काढून टाकलेले. फोडणीस एक चमचा तूप व हिंग. मीठ माझ्या डॉक्टरांना मानवेल एवढेच. तिरफळाची बारीक झिणझिणी जिभेवर उतरली आणि मीठ मागायचे मी विसरलो. सोबत सोलकढी होती, लसणाविना, जिरे घालून. सोलकढी नारळाच्या दुधाची असल्याने डाळीसोबत घेतानाही द्विदळाचा प्रश्न उद्भवत नाही. कोकणच्या मातीने जैन स्वयंपाकघराला दिलेली ही मोठीच देणगी होय.

संध्याकाळी आम्ही चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील पाणी प्राशन केले, ते माणसाला माणसाच्या बरोबरीने पाणी मिळावे म्हणून. आपण आहारशुद्धीवर पुष्कळ बोलतो. त्या काठावर उभे राहून मला वाटले, ही शुद्धी जीव वाचवण्यासाठी आहे, माणसाला दूर ठेवण्यासाठी नव्हे, हे स्वतःला विचारून पाहिले पाहिजे. बांच्या ओटीवर पाण्याचा तांब्या येणाऱ्या प्रत्येकासाठी असे, हे मी स्वतः पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरला गेलो. येथून आंबेनळी घाट प्रतापगडाला वळसा घालून महाबळेश्वरी चढतो. उतारांवर नाचणी आणि वरीची शेते पावसाची वाट पाहत होती. रस्त्यालगतच्या एका अंगणात रातांब्याच्या साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घातल्या जात होत्या. साऱ्या अंगणाला जांभळट लाल रंग चढला होता. मी आमसुले मागितली, तेव्हा त्या बाईंनी विचारले, “काका, मिठातलं हवं का बिनमिठाचं? मिठातलं जास्त टिकतं. पन दाब असंल, तर बिनमिठाचंच न्या.”

मी थक्क झालो. ‘आरोग्यदायी’ म्हणून आपण जे आगळ पेल्यावारी पितो, त्यात मीठ किती असते याचा विचार मी कधी केला नव्हता. पावसात टाकळा, भारंगी न्यायला या, असेही त्यांनी सांगितले. चातुर्मासात आम्ही पालेभाजी खात नाही म्हणताच त्या हसल्या. “मग कर्टुली न्या. ती काय पाला न्हाय.”

परतताना मी माझ्या काढ्याचा हिशेब नव्याने मांडला. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी साल बहुधा कॅशिया जातीची असते. तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य श्रीलंकेच्या दालचिनीपेक्षा कितीतरी अधिक असते, आणि ते रोज मोठ्या मात्रेत पोटात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. भातात पडणारा बोटभर तुकडा आणि रोजचा पेलाभर काढा, यांत हा फरक आहे. मसाला अन्नाचा सोबती आहे. त्याला वैद्याच्या खुर्चीत बसवले, ही चूक माझी होती.

निघताना भाभींनी डब्यातील लहानसा पितळी चमचा माझ्या हाती ठेवला. “बांचा आहे. यात मावेल तेवढेच घालायचे,” एवढेच म्हणाल्या.

आता तो चमचा आमच्या मिसळणाच्या डब्यात असतो. बिनमिठाची आमसुले वर्षभर पुरतील एवढी आहेत. रक्तदाब आटोक्यात आहे, त्याचे श्रेय मी आमटीला एकटीला देणार नाही. गोळ्यांची पट्टी डब्याच्या शेजारीच ठेवली आहे, आणि सकाळी आधी हात तिच्याकडे जातो.