फोन कुणाकडे राहावा

परिवीक्षा अधिकारी म्हणून पुसेगावला ज्या मुलाकडे मी जात असे, त्याचं वय एकविसाच्या आत होतं. एका मुलीचं नाव आणि फोटो वापरून त्यानं फेसबुकवर खातं काढलं होतं. गुन्हा शाबीत झाला, पण न्यायालयानं तुरुंगात न पाठवता त्याला बंधपत्रावर माझ्या देखरेखीखाली सोडलं.

आमचा परिवीक्षेचा कायदा १९५८ चा. त्याच्या चौथ्या कलमात राहण्याचं ठिकाण आणि नशापाणी यांची नावं घेऊन अटी आहेत. मोबाइल बसवायचा तो 'इतर बाबीं'त. अट होती दुसऱ्याच्या नावानं खातं न काढण्याची. ती पाळली जाते का हे पाहायचं कसं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

गावातले जाणते म्हणत, फोनच काढून घ्या. मुलाची आई म्हणाली, "मॅडम, घरात टचचा फोन याचाच. सोयाबीनची पीकपाहणी कोण करंल मग?" खरं होतं तिचं. २०२१ पासून शेतकऱ्यानंच शेतात उभं राहून ॲपवर पिकाचा फोटो चढवायचा. फोन काढला तर शिक्षा सगळ्या घराला.

पासवर्ड मी मागितला नाही. अमेरिकेत प्रोबेशनवरच्या काही जणांच्या संगणकात पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर बसवतात. मला ते पटत नाही. जामिनावरच्या माणसाला गुगल मॅपवरून आपला ठावठिकाणा पोलिसांना दाखवत राहण्याची अट घालता येणार नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही जुलै २०२४ मध्ये सांगितलं. फोन त्याच्याच हातात ठेवून, कोणकोणती खाती चालू आहेत एवढंच मी त्याला उघडून दाखवायला सांगे. बाकीचा वेळ त्या मुलीनं काय सोसलं यावर बोलण्यात जाई. तो मान वर करत नसे, पण मी विषय सोडत नसे.

मग त्या मुलीच्या घरी गेले. तिचा फोन घरच्यांनी केव्हाच काढून घेतला होता. गुन्हा करणाऱ्याकडे फोन, आणि जिच्यावर झाला ती बिनफोनची! मला संताप आला. तिच्या वडिलांना म्हटलं, "काका, बॉण्ड त्याच्यावर आहे, हिच्यावर नाही. खोटं खातं पुन्हा निघालं तर आधी कळणार हिला, नाहीतर हिच्या मैत्रिणींना. मला त्याच्या घरी बसून ते दिसणार नाही."

ते मानायला हळदीची काढणी उजाडली. फोन हाती आल्यावर तिनं माझा नंबर घेतला, आणि असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट आधी कुणाला पाठवायचा, हेही विचारून घेतलं.