नख फिरवून बघा!

सोसायटीत पार्किंग म्हटलं की गाडीवर ओरखडे आलेच. नो टेन्शन! गॅरेज गाठण्याआधी ओरखड्यावर नख फिरवा. अडकलं नाही, तर तो फक्त वरच्या क्लिअरकोटवर आहे. गाडी धुवा, सावलीत घ्या, मायक्रोफायबरच्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड आणि हलका हात. बस्स! नख अडकलं, तर मात्र घासू नका. तिथे टचअप पेंटच हवा. क्लिअरकोट असतो जेमतेम 40-50 मायक्रॉन. प्रत्येक वेळी घासताना थोडा जातो, परत येत नाही.

माझ्या गाडीच्या दाराच्या कुलपाभोवती बारीक रेघांचं जाळं आहे. बाबांचा हात थरथरायला लागला, तेव्हाच्या किल्लीचं. नख अडकत नाही, दहा मिनिटांचं काम. पण तेवढं मी ठेवलंय.