खाडाखोडीचे मोल

गाजलेल्या विज्ञानपटांचे सुरुवातीचे खर्डे जमवणाऱ्यांना लोक छांदिष्ट म्हणतात. अख्खा चित्रपट पाहायला मिळतो, मग त्याची रद्दी कशाला, हा त्यांचा सवाल. पण चित्रपट पाहायला मिळेलच, ही खात्री कुणी दिली? निदान कोल्हापूरकराने तरी ती धरू नये. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने इथे केलेले ‘सैरंध्री’ (१९२०) आणि ‘सावकारी पाश’ (१९२५) हे मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भसकन पेटायची, आणि पेटली नाही तरी डब्यातल्या डब्यात कुजायची. वाळवी आणि ओल यांतून वाचलेला कागद मात्र तिच्यापेक्षा चिवट. बाबूराव चित्रीकरणाआधी प्रसंगांची रेखाटने करत; तसला एखादा कागद हाती लागला, तर हरवलेल्या चित्रपटाचा निदान आराखडा तरी मांडता येईल.

हा नुसता आशावाद नव्हे. फ्रित्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ साली बर्लिनमध्ये झळकला आणि लगेच त्याला मोठी कात्री लागली. त्याची पटकथा थेआ फॉन हार्बोची. बेळगावकडचे पत्रकार आयी तेंडुलकर पुढे तिचे पती झाले, म्हणजे या जर्मन विज्ञानपटाचा धागा आपल्या शेजारापर्यंत येतो. २००८ साली ब्युनोस आयरेसमध्ये कापलेल्या भागासह एक प्रत सापडली, पण ओरखड्यांनी भरलेली आणि तरीही अपुरी. कोणता तुकडा कुठे बसतो, काय अजून गहाळ आहे, हे ठरवताना पटकथा, संगीताची स्वरलिपी आणि सेन्सॉरची टिपणे कामाला आली.

पटकथा म्हणजे चित्रपट नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. कागदावर ना प्रकाश, ना नटाचा चेहरा. पण चित्रपट फक्त निवडलेले दाखवतो; काय नाकारले, ते खर्ड्यातच दिसते. सत्यजित राय यांच्या ‘द एलियन’चा तर चित्रपट झालाच नाही. बंगालच्या खेड्यातल्या तळ्यात उतरलेले ते यान १९६७ पासून कागदावरच आहे. लेखकाने टाकून दिलेले उकरू नये, असेही कुणी म्हणेल. खासगी पत्रांबाबत ते खरे. पटकथा मात्र निर्मात्यापासून छायालेखकापर्यंत अनेकांच्या हातांतून फिरणारा कामाचा कागद असतो.

खरी अडचण संग्राहकांचीच आहे. दुर्मीळ प्रत कपाटात कुलूपबंद केली की तिची किंमत वाढते आणि उपयोग संपतो. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे निदान एक नक्कल तरी द्यावी. आणि कोल्हापुरातल्या जुन्या सिनेमावाल्यांच्या घरी ट्रंका उघडल्या जातील, तेव्हा सहीची कोरी करकरीत प्रत तेवढी उचलू नये. समासात तिरक्या अक्षरांत लेन्स, वेळ, खर्च टिपलेली, निम्मी पाने लाल पेन्सिलीने खोडलेली, चहाचे डाग पडलेली प्रत आधी मागावी. रद्दीच्या ढिगात पहिली तीच जाते.