प्रवरेच्या काठी आगबोटीची आठवण

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आहे. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. गाळप चालू असताना आम्ही तो पाहावयास गेलो. समुद्र येथून फार दूर. पण आगबोट कशी चालत असे, हे ज्याला समजून घ्यायचे त्याने येथे जरूर यावे.

ऊस गव्हाणीत पडतो, रस निघतो आणि उरलेले चिपाड बॉयलरच्या भट्टीत जळते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सोळाशे पट जागा लागते. कोंडलेली वाफ बाहेर पडण्यासाठी जोर करते. तोच जोर यंत्र फिरवतो. नंतरही ती वाया जात नाही, तिच्यावर रस आटवतात. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला.

वाफेचा असा पुरेपूर उपयोग आगबोटींनाही शिकावा लागला. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' १८३० साली सुएझला निघाली, तेव्हा उतारूंच्या जागेतही कोळसा भरावा लागला होता. पुढे एकच वाफ लहान सिलिंडरमधून मोठ्यात, मग त्याहून मोठ्यात नेणारी इंजिने आली. कोळसा वाचला आणि लांबचे प्रवास नेमाने होऊ लागले. खाऱ्या पाण्याने बॉयलरमध्ये क्षारांचे थर बसत, म्हणून वापरलेली वाफ थंड करून त्याच पाण्याची पुन्हा वाफ करीत.

१९१७ साली बाबासाहेब शिक्षण अर्धे टाकून लंडनहून परतले, ते मार्सेलिसपासून 'कैसर-इ-हिंद' या आगबोटीने. तिच्या इंजिनात वाफ चार टप्प्यांत काम करी. वर उतारू मोकळ्या हवेत बसत. तळाशी भट्टीपुढे आगवाले फावड्याने कोळसा टाकीत आणि कोळसेवाले तो ओढून आणीत. मुंबईहून जाणाऱ्या बोटींवर हे काम करणारे बहुतेक पंजाब आणि सरहद्दीकडचे खेडूत. बोटींची व कंपन्यांची नावे पुस्तकांत राहिली, या माणसांची राहिली नाहीत.

ऊसतोडीला जाणारी, कारखान्यात पाळीवर राबणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. मुलांना शाळेत वाफेचा धडा असेल तेव्हा पालकांनी त्यांना परवानगी काढून जवळच्या कारखान्यात न्यावे, बॉयलर दाखवावा. आणि ती आग कोण सांभाळतो, त्या माणसाशीही त्यांना दोन शब्द बोलू द्यावेत.