श्वापदाचा अंक

पराक्रमी पुरुषाची बखर दोन प्रकारांनी लिहिली जाते. एक तो मेल्यावर, कागदपत्रे चाळून. दुसरी तो जिवंत असतानाच, जुन्या पोथीत त्याचे नाव शोधून. पहिली लिहिणारास इतिहासकार म्हणतात. दुसरी लिहिणारास विद्वानांच्या सभेत कोणी पाट मांडीत नाही. तथापि तिच्यात विजेत्यापेक्षा जितांचे मन अधिक स्पष्ट उमटलेले असते, असे इतकी वर्षे इतिहास शिकविल्यावर आम्हांस वाटू लागले आहे.

नेपोलियनचेच पाहा. बायबलाच्या अखेरीस ‘प्रकटीकरण’ नावाचे पुस्तक आहे. त्यात एका भयंकर श्वापदाचे वर्णन येते. त्याचा अंक ६६६ आणि त्याच्या अधिकाराची मुदत ४२ महिने, असे तेथे सांगितले आहे. फ्रेंच सैन्याने १७९८ साली रोम घेऊन पोपला कैद केले, तेव्हा इंग्लंडातील कित्येक प्रॉटेस्टंट पंडितांनी संतोषाने माना डोलाविल्या. त्यांच्या मते श्वापद म्हणजे पोपची सत्ता, आणि फ्रेंच सेना हा ईश्वराने उगारलेला आसूड. पुढे तोच आसूड इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर उभा राहिला, तेव्हा खुद्द बोनापार्टच्या कपाळी श्वापदाचा अंक दिसू लागला. रशियात १८०६ च्या अखेरीस तेथील धर्मसभेने त्यास खोटा मसीहा म्हणून धिक्कारले. आणि १८०७ मध्ये टिल्झिट येथे झारने नीमेन नदीतील तराफ्यावर त्याच्याशी स्नेहाची भेट घेतली व पुढे तह केला! खेडोपाडीच्या पाद्र्यांनी त्या पुढच्या रविवारी भाविकांस काय सांगितले असेल, या विचाराने आम्हांस हसू येते आणि त्यांची कीवही येते. पाच वर्षांनी तह मोडला व श्वापद पुन्हा श्वापद झाले. पोथी तीच, फिरले होते ते दरबारचे वारे.

टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीत पीएर नावाचा भोळा सरदार हाच हिशेब मांडतो. फ्रेंच मुळाक्षरांना क्रमाने १ ते १०, मग २०, ३० अशा किंमती द्यावयाच्या व ‘सम्राट नेपोलियन’ या फ्रेंच शब्दांची बेरीज करावयाची. बेरीज ६६६ येते. ‘बेचाळीस’ या फ्रेंच शब्दाचीही तितकीच येते. हा भाग वर्गात आला की विद्यार्थी पेन्सिली घेऊन बसतात, आणि एखादा चौकस मुलगा हटकून सांगतो की, सर, पाच कमी पडतात. खरेच आहे. फ्रेंच व्याकरणाप्रमाणे त्या उपपदातील एक स्वर लोपतो व बेरीज ६६१ होते. तो स्वर बळेच ठेवावा तेव्हा ६६६ भरतात. वयाचा मेळही असाच ओढून आणलेला. नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ चा. जून १८१२ मध्ये त्याने रशियाची सरहद्द ओलांडली तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. सप्टेंबरात मॉस्कोत शिरला तेव्हा ४३ पुरी झाली होती. आपल्याकडच्या कटपयादी रीतीने ‘नेपोलियन’ या नावाचे ०१३१० येतात, उजवीकडून वाचा वा डावीकडून. त्यातूनही कोणी खटपट्या काही अर्थ काढील!

परंतु पीएर तेवढ्यावर थांबत नाही. तो स्वतःच्या नावाचीही बेरीज करतो, एक अक्षर गाळून ती ६६६ वर आणतो, आणि नेपोलियनचा अंत आपल्याच हातून व्हावयाचा आहे असे ठरवून जळत्या मॉस्कोत मागे राहतो. तेथे फ्रेंच शिपाई त्यास पकडतात. भाकिताचा खरा धोका येथे आहे. घरी बसून बेरीज करणाराचे कागदापलीकडे काही बिघडत नाही; बेरजेवर विसंबून घराबाहेर पडणाराची गोष्ट निराळी.

मग माणसे हा उद्योग का करतात? दानीएलाच्या पुस्तकात एका शिंगाच्या बकऱ्याचा दृष्टांत आहे. तो बकरा ग्रीक राजा होय, असे तेथेच म्हटले आहे; म्हणजे सिकंदर. हे पुस्तक यरुशलेमेच्या याजकांनी सिकंदरास दाखविले, अशी कथा जोसीफसने दिली आहे; परंतु सिकंदर वारला ख्रि. पू. ३२३ त, आणि बहुतेक अभ्यासक पुस्तकाची रचना ख्रि. पू. १६५ च्या सुमाराची मानतात, जेव्हा अँटायोकस राजा यहुद्यांचा धर्म बुडवू पाहत होता. प्राचीन द्रष्ट्याच्या मुखाने त्या गांजलेल्या लोकांस एवढेच ऐकावयाचे होते की, मागची राज्ये मोडली तसेच हेही मोडेल. याचे दिवस मोजलेले आहेत. भाकितातील प्राण त्या मुदतीत आहे, श्वापदाच्या शिंगांत नव्हे.

आमच्या पुराणांनी सिकंदराची दखलही घेतली नाही. इंग्रजांची मात्र घेतली. मुंबईच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्याने काढलेल्या भविष्यपुराणात ‘गुरुंड’ येतात आणि ‘विकटावती’ राणीही येते. ही व्हिक्टोरिया ओळखावयास ज्योतिषी लागत नाही. त्याआधी, प्लासीच्या लढाईपासून म्हणजे १७५७ पासून शंभर वर्षांनी कंपनीचे राज्य बुडेल, ही वदंता उत्तरेत पसरली होती. १८५८ साली कंपनीचे राज्य खरोखरच गेले, आणि ते त्याच विकटावतीकडे गेले. भाकीत अक्षरशः फळले व अर्थाने फसले. दरम्यान आमच्या कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ रोजी २७ व्या पलटणीने उठाव केला होता. त्याचे पर्यवसान पुढे चिमासाहेब महाराजांस कराचीस नेण्यात झाले. १८६९ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

राज्यकर्ते या व्यसनापासून मुक्त असतात, असे मात्र कोणी समजू नये. १९०८ साली कोल्हापुराहून निघणाऱ्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवर एक लेख आला. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या ऋचांत सरकारने आपला अंत वाचला, आणि खटला भरला. संपादक विष्णु गोविंद विजापूरकर तुरुंगात गेले. त्यांचे सहकारी वामन मल्हार जोशी यांस तीन वर्षांची शिक्षा झाली.