शेलूबाजारची काचेची गिटार

शेलूबाजारला मुद्दाम जाणारा माणूस एक तर सोयाबीन विकणारा असतो, नाही तर घेणारा. मी या दोहोंपैकी कोणीच नव्हतो. मी गेलो होतो एक गिटार पाहायला, आणि तीही काचेची!

झाले असे की, 2025 च्या एप्रिलात मी अकोल्याला ताईकडे गेलो होतो. पुण्याचा माणूस एप्रिलात अकोल्याला जातो तो काही हौसेने नव्हे. पण ते असो. माझा भाचा कॉलेजात शिकतो आणि उरलेल्या वेळात (म्हणजे बहुतेक सगळ्या वेळात) गिटार वाजवतो. शेलूबाजारचा एक ऑर्केस्ट्रावाला आपली आरपार दिसणारी गिटार सोळा हजारांना विकतो आहे, असे त्याला कळले होते. चिरंजीवांनी लग्नांत वाजवून तेवढे पैसे साठवलेही होते. ताई मला म्हणाली, "तू जा त्याच्याबरोबर. कोणत्याही वस्तूत खोड काढायला तुला बरे जमते."

ही स्तुती होती की काय, याचा विचार करीत मी एस. टी. त बसलो. बार्शीटाकळी गेले, महान आले. काटेपूर्णेच्या धरणाचे पाणी अकोलेकर पितात, म्हणून भाच्याने ते मला खिडकीतून भक्तिभावाने दाखवले. पुढे नुसती उघडी, काळी, तापलेली शेते. सोयाबीन केव्हाच निघाले होते, तूरही निघाली होती, आणि जमीन पावसाची वाट पाहत पडून होती.

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातले गाव. नावातच बाजार, आणि गावाचा जीवही बाजारातच. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. पूर्वी लांबच्या ट्रकांना या चौकावाचून गत्यंतर नव्हते. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. त्यावर चढण्या-उतरण्याची वाट शेलूबाजारलाही आहे, पण ज्याला इथे उतरायचे नाही तो आता गावाकडे न पाहताच निघून जातो. चौकातल्या चहावाल्याने ही तक्रार मला चहाबरोबर फुकट दिली.

ऑर्केस्ट्रावाल्याचे घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होते. चौदा एप्रिलच्या जयंतीचे कार्यक्रम नुकतेच उरकले होते. कोपऱ्यात स्पीकरचे खोके अजून तसेच पडले होते. गृहस्थ पंचेचाळिशीचे, आवाज बसलेला. त्यांनी खाटेवर पांघरुणाखालून गिटार काढली आणि माझ्या मनातली खोडींची यादी क्षणभर विरून गेली. पाण्यालाच आकार देऊन वर तारा चढवाव्यात, तशी ती वस्तू! आतल्या तांबड्या-काळ्या वायरी, डाखाचे ठिपके, लोहचुंबकाची गुंडाळी, सगळे डोळ्यांसमोर. पलीकडची खाटेवरची नक्षीदार चादरही तिच्यातून दिसत होती.

काच म्हणतात खरे, पण ही काच नव्हे. हे अ‍ॅक्रिलिक. दुकानांच्या उजळत्या पाट्या ज्याच्या असतात तेच. 1933 साली जर्मनीत ओटो रोम याने त्याला 'प्लेक्सिग्लास' हे नाव दिले. इंग्रजांचे 'पर्स्पेक्स' त्याच जातीचे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर याचेच छत असे. त्याची गिटार गाजवली ती अमेरिकेत डॅन आर्मस्ट्राँग याने. अ‍ॅम्पेग कंपनीसाठी त्याने केलेली ही गिटार 1969 पासून 1971 पर्यंत निघत होती. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 1969 च्या अमेरिका दौऱ्यात ती गळ्यात अडकवली आणि जगभरच्या पोरांचे डोळे दिपले. पन्नासहून अधिक वर्षांनी त्यांतले दोन डोळे माझ्या भाच्याच्या कपाळाखाली आले, एवढेच.

माझा पहिला प्रश्न पुणेरी होता : लाकूड नाही, तर नाद कुठून येणार? सतारीला भोपळा लागतो, तंबोऱ्याला भोपळा लागतो. भाच्याने मला समजावले. विजेच्या गिटारीत तार पोलादाची असते. ती चुंबकाजवळ थरथरली की भोवतीच्या तांब्याच्या गुंडाळीत वीज उमटते आणि स्पीकर तिचा आवाज करतो. पोटात हवा घुमण्याची गरजच नसते. मग अंग कशाचे आहे, याने आवाजात फरक पडतो की नाही? यावर वाजवणाऱ्यांत आपल्याकडच्या घराण्यांसारखेच तट आहेत. मामा-भाच्यांतही लगेच पडले.

"वज्जन पाह्यजा पहिले," गृहस्थ मध्येच म्हणाले. मी उचलली आणि मनगट वाकले. शेजारीच अडत्याचे दुकान होते. तिथल्या काट्यावर गिटार ठेवली, तेव्हा अडत्याने गंभीरपणे विचारले, "हे कोणतं वाण म्हणायचं?" वाण भरले पाच किलो चारशे. भाच्याची लाकडी गिटार साडेतीन किलोचीही नाही. अ‍ॅक्रिलिक पाण्याहूनही जड. गिटारीची लाकडे पाण्यावर तरंगतात. हिशेब सरळ आहे, पण तो काट्यावर पाहण्यापेक्षा खांद्यावर वेगळा कळतो. रात्रीचे चार-चार तास, नवरात्रात सलग नऊ रात्री, अशी ती त्यांनी अकरा वर्षे गळ्यात बाळगली होती.

"खांदा गेला ना माहा," ते म्हणाले. "लाकडाची घेतली असती त अजून दहा वर्षं उभ्यानं वाजवली असती. पन लोक काय म्हनत? काचवाला आला का? काचवाला असंन तरच सुपारी द्या."

मग मी खोडी काढण्याआधी त्यांनीच एकेक काढून दाखवायला सुरुवात केली. दार लावून घेतले आणि कडेला बसवलेले दिवे पेटवले. गिटार निळी झाली, भाच्याच्या तोंडून "आहा!" निघाले. पण त्याबरोबरच तिच्या अंगावर शेकडो बारीक रेघा उजळल्या. कडेने आत सोडलेला प्रकाश आतल्या आतच धावतो, आणि जिथे ओरखडा असेल तिथे बाहेर फुटतो. दिवसा न दिसणारे सारे रात्री चमकते. पाठीमागचे वर्तुळ पट्ट्याच्या बकलाचे. तारांखालचा पंखा हातातल्या पट्टीचा. कोपऱ्यावरचा खोल घाव कारंज्याच्या एका वरातीतला, टेम्पोतून पडली तेव्हाचा. "घासून पालिश केलं त बारीक रेघा जातात," ते म्हणाले, "हा नाही जात."

शेवटी त्यांनी मानेच्या जोडावर बोट ठेवले. स्क्रूच्या भोकापासून केसाएवढी तडा गेली होती. अ‍ॅक्रिलिक पावसाळ्यात लाकडासारखे फुगत नाही, हा त्याचा गुण; पण उन्हाने ते लाकडाच्या दसपटीहून अधिक पसरते. मान लाकडाची, अंग अ‍ॅक्रिलिकचे, ऊन वऱ्हाडचे. भर दुपारी बंद टेम्पोत पडलेल्या गिटारीची ओढाताण सगळी त्या चार स्क्रूंवर येते, त्यात कोणी स्क्रू जास्त आवळला की झाले. "पाहून घ्या, दादा. मांगून म्हनसान का सांगतलं नाही. चौदा द्या, सोळा नोका देऊ."

मी घरून ठरवून गेलो होतो की बारावर आणायचेच. तोंड उघडले आणि मिटले. ज्या माणसाने माझी सगळी शस्त्रे स्वतःच माझ्या हातात दिली, त्याच्यावर ती चालवायची कशी? भाच्याला बाजूला घेऊन विचारले, "खांदा पाहिलास ना त्यांचा?"

"मी बसून वाजवीन, मामा."

"मग लोकांना दिसणार काय?"

यावर तो हसला. उत्तर दिले नाही. पैसे मोजले गेले. गृहस्थांनी ते न मोजता खिशात ठेवले आणि म्हणाले, "एक डाव वाजवू?" पट्टा त्यांनी गळ्यात घातला नाही. खाटेवर बसून, गिटार मांडीवर घेऊन, स्पीकर न लावताच त्यांनी वाजवले. दोन हातांवर ऐकू येईल न येईल एवढाच आवाज. मग जुन्या धोतराच्या फडक्याने ती पुसली आणि भाच्याला बजावले, "साबनाचं पानी आन् मऊ फडकं. स्पिरिट लावू नोका बरं. तडा पसरते."

परतीच्या एस. टी. त गिटार भाच्याच्या मांडीवर उभी होती. समोरच्या आजीबाई तिच्यातून खिडकीबाहेर पाहत होत्या. महान येईपर्यंत त्यांनी धीर धरला, मग विचारले, "बाप्पा, याच्यात पानी भरतात का?"

तेव्हापासून ताईच्या घरी ती दिवाणखान्यात भिंतीला टेकून असते. तडा आहे तेवढीच आहे. भाचा बसून वाजवतो. मी गेलो की मात्र पाच मिनिटे उभा राहून दाखवतो आणि खांदा चोळत खाली बसतो.

हे लिहीत असतानाच ताईचा फोन आला. दिवाळीची साफसफाई चालू आहे म्हणाली. कपाटाच्या काचा झाल्या, आरसा झाला, काचेवर मारायचे ते निळे औषध थोडे उरले आहे, तेव्हा आता गिटारही—

मी ओरडलो, "ताई, थांब!"

"ओरडतोस काय?" ती म्हणाली. "तुझ्या भाच्याने बाटली केव्हाच लपवून ठेवली आहे. कुठे ते विचारायलाच फोन केला."